कणत्वरकाचा इंजिनिअर व्हायचं तर किती पैसे लागतात?

आधी आकडे. पुण्यात खराडीला घरी राहून शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कणत्वरकावर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर, काम करणारा इंजिनिअर व्हायचं असेल तर बारावीनंतर साधारण पाच वर्षं आणि सहा ते दहा लाख रुपये धरा. हा हिशेब खासगी महाविद्यालयाचा. सरकारी महाविद्यालय आणि फीमाफी दोन्ही जुळून आलं तर एक-दोन लाखांतही भागतं. परदेशात स्वखर्चाने मास्टर्स करायचं म्हटलं की मात्र वीस-पंचवीस लाखांपासून सुरुवात होते, आणि माझ्या मते या पेशासाठी तेवढं कर्ज काढण्याची गरज बहुतेकांना नसते.

अवघड हिशेब पैशाचा नाहीच, गावाचा आहे. इऑन आयटी पार्कच्या भोवती नोकऱ्या आहेत, पण कणत्वरक आहेत इंदूरला, तुर्भ्याला, कोलकात्याला, दिल्लीला. मुलगा इथेच राहील असं गृहीत धरून खराडीत दुसरा फ्लॅट घेणार असाल, तर त्याआधी हे पान वाचा.

काम नेमकं काय असतं? इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं यंत्र आहे. १७२.५ मीटर परिघाच्या पोकळ कड्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरत राहतात, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेपर्यंत नेले जातात आणि वळताना जो क्ष-किरणांचा झोत सोडतात तो संशोधक वापरतात. त्या नळीत जवळजवळ काहीच हवा राहता कामा नये, म्हणून निर्वात यंत्रणेचे इंजिनिअर लागतात. चुंबकांचा विद्युतप्रवाह लाखात काही भागही हलता कामा नये, म्हणून पॉवर सप्लायवाले लागतात. इलेक्ट्रॉनांना दर फेरीला ऊर्जा देणारी पोकळी ५०५.८ मेगाहर्ट्झवर चालते. ते काम रेडिओ फ्रिक्वेन्सीवाल्यांचं. शिवाय थंड पाण्याची व्यवस्था, मिलिमीटरच्या अंशाइतकी अचूक मांडणी, सुरक्षेचे इंटरलॉक, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर. हे केंद्र १९८४ मध्ये उभं राहू लागलं आणि मूळ सागरचे डॉ. दि. दे. भवाळकर त्याचे पहिले संचालक होते. इंडस-१ आणि इंडस-२ इथल्याच इंजिनिअरांनी बांधले.

यावरून पालकांनी एक गोष्ट पक्की करावी: ‘अ‍ॅक्सिलरेटर इंजिनिअरिंग’ नावाची वेगळी पदवी घ्यावी लागत नाही. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर, यांतली नेहमीची बी.ई. किंवा बी.टेक. पुरते. मला निवड करायला सांगितली तर इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स सांगेन. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोवेव्ह नीट येणारी माणसं इथे कायम कमी पडतात. कॉम्प्युटर शाखेच्या चढ्या फीसाठी आणि कट-ऑफसाठी जिवाचा आटापिटा करणारी मुलं या बाजूला पाहतच नाहीत.

प्रवेश परीक्षांचा खर्च किरकोळ आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी दोन्हींची फी हजार रुपयांच्या आसपास. मोठी रक्कम जाते क्लासला, आणि पुण्यात दोन वर्षांचे दोन ते चार लाख सहज लागतात. या पेशाची खरी गाळणी मात्र पदवीनंतर होते, त्यामुळे अकरावीतच सगळी पुंजी ओतू नका.

पदवीसाठी सरकारी किंवा स्वायत्त महाविद्यालयात वर्षाला साधारण लाखाच्या घरात, चांगल्या खासगीत दीड ते अडीच लाख धरा. आयआयटीत शिक्षण शुल्क वर्षाला दोन लाख. अनुसूचित जाती-जमातींना ते माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि एक ते पाच लाखांत असेल तर दोन-तृतीयांश माफ. मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के माफी आहे. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ही माफी हातची जाते. दाखले जूनमध्ये नव्हे, बारावीच्या दिवाळीतच काढायला लावा.

खराडीहून रोजच्या प्रवासाचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत आली आहे. रामवाडीला पोचलात की मेट्रोने सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय गाठता येतं, ते सिव्हिल कोर्ट–शिवाजीनगर पट्ट्यात आहे, आणि विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सूट मिळते. नगर रस्त्यावर दुचाकी घालण्यापेक्षा हे बरं. वसतिगृहाचे वर्षाचे लाखभर वाचतात, ते पुढे इंदूरसाठी ठेवा.

इंदूरसाठी का, ते सांगतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षात एखादा प्रकल्प खऱ्या यंत्राजवळ बसून केला की मुलाला हे काम आवडतं की फक्त त्याची कल्पना आवडते, हे कळतं. सगळ्या मार्गदर्शनातला सर्वांत मोलाचा खर्च माझ्या लेखी हाच. इंदूरच्या केंद्रात किंवा भाभा अणुसंशोधन केंद्रात महाविद्यालयाच्या पत्रावर प्रकल्पासाठी अर्ज करता येतो. दोन महिने इंदूरला खोली, खानावळ आणि रेल्वे धरून पंचवीस-तीस हजार लागतील. पुण्यातच पाहायचं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन आहे. त्याच्या इलेक्ट्रॉन झोतावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. मुंबईत समीर ही संस्था पवईच्या आयआयटी परिसरात असून तिने कर्करोगाच्या उपचारांसाठी देशी लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतले कणत्वरक, बनवले. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण लोकांसाठी खुली असते. ती कणत्वरक नाही, पण रेडिओ इलेक्ट्रॉनिक्स तिथे प्रत्यक्ष बघता येतं. जाण्यायेण्याचं पेट्रोल, एवढाच खर्च.

घरबसल्या शिकायला पैसे लागतच नाहीत. जगातल्या अनेक कणत्वरकांची नियंत्रणं ज्यावर चालतात ते एपिक्स मोफत आहे. झोताची गणितं करणारं, सर्न या जिनिव्हातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं मॅड-एक्स मोफत, सर्किटची पाटी आखायचं कायकॅड मोफत. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि पायथॉन शिका. ‘अ‍ॅक्सिलरेटर तंत्रज्ञान सर्टिफिकेट’ म्हणून कोणी चाळीस हजार मागत असेल तर देऊ नका. ते प्रमाणपत्र पाहून मुलाखत घेणारा कोणी नाही.

आता मुख्य दार. भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे आणि त्याचा एक वर्ग इंदूरलाही भरतो. अभियंत्यांसाठी ओसीईएस हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. पदवीला किमान ६० टक्के, खुल्या गटाला वयोमर्यादा २६. निवड गेट या पदवीनंतरच्या परीक्षेच्या गुणांवर किंवा केंद्राच्या ऑनलाइन परीक्षेवर, पुढे मुलाखत. अर्जाची फी ५०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीही नाही. गेटची फी २०२५ साली १,८०० रुपये होती, मुलींना ९००. एवढ्या पैशांत काय मिळतं? २०२३ च्या जाहिरातीत प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५५,००० रुपये विद्यावेतन होतं, वर पुस्तकांसाठी १८,०००. म्हणजे इथे फी भरायची नसून पगार घ्यायचा आहे. त्यानंतर सायंटिफिक ऑफिसर ‘सी’, मूळ वेतन ५६,१००, आणि महागाई भत्ता व बाकीचं धरून महिना लाखाच्या आसपास. बदल्यात किमान तीन वर्षं नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. प्रशिक्षणानंतर कोणत्या विभागात नेमणूक होईल हे गुण, गरज आणि आवड पाहून ठरतं. कणत्वरकच मिळेल याची हमी नाही, म्हणून मुलाखतीत आपली आवड स्पष्ट सांगावी आणि पदवीच्या वर्षांत केलेल्या प्रकल्पाचं काम दाखवावं.

इंजिनिअरिंग झेपणार नसेल तरी वाट बंद नाही. डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झालेल्यांना भाभा केंद्र स्टायपेंडियरी ट्रेनी म्हणून घेतं. २०२३ च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी २४,००० आणि दुसऱ्या वर्षी २६,००० रुपये महिना होते, आयटीआयवाल्यांना २०,००० आणि २२,०००. निर्वात नळीचं वेल्डिंग हातात बसलेला फिटर कणत्वरकाच्या प्रयोगशाळेत फार मानाचा माणूस असतो.

परदेशाचं बोलू, कारण खराडीत विचारणा त्याचीच जास्त. भारत जानेवारी २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला, त्यामुळे आपली मुलं तिथल्या मुदतीच्या नोकऱ्यांना आणि विद्यार्थी योजनांना अर्ज करू शकतात. शिकत असतानाच टेक्निकल स्टुडंट म्हणून काही महिने ते वर्षभर जाता येतं आणि त्याचा भत्ता मिळतो. विमान, व्हिसा, जिनिव्हातल्या खोलीची अनामत यासाठी निघताना दीड-दोन लाख हाताशी ठेवा. सर्न अर्जाला एक रुपयाही घेत नाही. ‘सर्न इंटर्नशिप पॅकेज’ विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मास्टर्स करायचंच असेल तर जर्मनी. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, तरी बाडेन-वुर्टेमबर्ग आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ घेतात. डार्मस्टाटला विद्यापीठाचाच अतिवाहक इलेक्ट्रॉन कणत्वरक आहे आणि शेजारी फेअर हा मोठा कणत्वरक प्रकल्प उभा राहतो आहे, ज्यात भारताचाही वाटा आहे. खर्चात पदवीची पडताळणी करणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये, व्हिसाचे ७५ युरो आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो. ही शेवटची रक्कम फी नव्हे, ती तुमचीच असते आणि दरमहा परत हातात येते. सल्लागार ती ‘पॅकेज’मध्ये मिसळून सांगतो, तेव्हा वेगळी काढून दाखवायला लावा. इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १,४०० युरो मिळतात आणि स्वतःच्या खिशात फारसा हात घालावा लागत नाही. अमेरिकेत स्वखर्चाच्या मास्टर्सला पन्नास-साठ लाख जातात. त्यापेक्षा विद्यापीठच खर्च उचलेल अशी पीएच.डी. शोधावी.

आता पुन्हा गावाचा हिशेब. चांगल्या आयटी कंपनीत पाच-सात वर्षांत पगार सरकारी वैज्ञानिकाच्या पुढे जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या अणुशक्तिनगरात किंवा इंदूरच्या वसाहतीत क्वार्टर, औषधोपचार, मुलांची शाळा मिळते. खराडीत दोन बेडरूमच्या घराला महिना तीस-चाळीस हजार भाडं जातं, ते वजा करून तुलना करा. पुणे सोडायचंच नसेल तर एक वाट आहे: रुग्णालयांतल्या लिनॅकची देखभाल. जगातल्या तीस हजारांवर कणत्वरकांपैकी बहुतेक रुग्णालयांत आणि कारखान्यांत आहेत. लिनॅक बंद पडला की त्या दिवशीचे रुग्ण खोळंबतात, म्हणून सर्व्हिस इंजिनिअरची मागणी राहते. रात्री-अपरात्री फोन येतो आणि किरणोत्सर्ग सुरक्षेची शिस्त कडक पाळावी लागते. खारघरच्या टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही होतात. पुण्याच्या जवळ राहून काम करायचं असेल तर तिकडेही पाहावं.

शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी मुलाला एकदा गेट आणि एकदा ओसीईएस देऊ द्या. दोन्ही मिळून खर्च तीन हजारांच्या आत आहे. गेटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात, ओसीईएसची जाहिरात बहुधा जानेवारीत येते. जाहिरात भाभा केंद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच वाचा आणि त्या वर्षीची वयाची तारीख, विद्यावेतन आणि कराराची रक्कम तिथूनच तपासून घ्या.