घरचे वीजबिल आणि वाहनाचे इंधन : खर्चाची तुलना कशी करावी

पिकाच्या खर्चाचा हिशेब ठेवण्याची सवय आता पुष्कळ शेतकऱ्यांना लागली आहे. बियाणे, खते, मजुरी यांवर काय खर्च झाला हे ते वहीत टिपून ठेवतात. परंतु घरात जळणारी वीज व गॅस आणि वाहनात जळणारे पेट्रोल यांचा एकत्र हिशेब ठेवणारे कुटुंब क्वचितच आढळते. विजेचे बिल महिन्यातून एकदा, छापील कागदावर आणि एकरकमी येते. त्यामुळे ते डोळ्यांत भरते व त्यावरून घरात बोलणी होतात. पेट्रोल मात्र शंभर-दोनशे रुपयांनी भरले जाते. त्याचा कागद राहत नाही आणि महिन्याची बेरीजही कोणी करीत नाही. जो खर्च दिसतो त्यावर काटकसर होते, आणि जो दिसत नाही तो वाढतच जातो. यास्तव हे दोन्ही खर्च एका पानावर मांडून त्यांची तुलना कशी करावी, याचे विवेचन येथे केले आहे.

१. मोजमाप

विजेचे माप युनिट हे होय. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत १.३५ युनिट लागतात. पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्यास तेवढ्याच वेळात ९ युनिट लागत. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालल्यास महिन्यास २२.५ युनिट होतात. पाणी तापविण्याचा २,००० वॅटचा हीटर रोज एक तास लावला तर ६० युनिट खर्च होतात. म्हणजे घरातील सर्व दिवे मिळून जेवढी वीज घेतात, त्याच्या कित्येक पट एकटा हीटर घेतो.

पेट्रोलचे माप लिटर, आणि वाहनाची कसोटी म्हणजे एका लिटरमध्ये तोडलेले अंतर. हे अंतर अंदाजाने सांगू नये. टाकी काठोकाठ भरून मीटरवरील आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरावी व किती लिटर मावले ते पाहावे. समजा, पहिला आकडा १८,२४० व दुसरा १८,६४० असून ८ लिटर पेट्रोल लागले, तर ४०० भागिले ८, म्हणजे लिटरला ५० किलोमीटर हा खरा हिशेब झाला.

वहीत रुपयांबरोबर युनिट आणि लिटर अवश्य लिहावेत. १६ जून २०१७ पासून देशात पेट्रोल व डिझेलच्या दरांत दररोज फेरबदल करण्याची पद्धत सुरू झाली. केवळ रुपये लिहिले तर दर वाढला म्हणून खर्च वाढला, की वापर वाढला म्हणून, हे उमगत नाही.

२. वीजबिल कसे वाचावे

महावितरणच्या घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा बाबी असतात. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. यांपैकी स्थिर आकार वीज कमी वापरली तरी भरावाच लागतो. इतर आकार वापराबरोबर कमी-जास्त होतात. दर टप्प्यांनी चढतो : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. टप्पा ओलांडला म्हणजे सर्व युनिटांना वरचा दर लागतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. वरचा दर फक्त टप्प्यापलीकडील युनिटांना लागतो.

बिल हाती येताच तीन गोष्टी पाहाव्यात : मागील व चालू रीडिंग, त्यांतील फरक, आणि बिल किती दिवसांचे आहे. एक बिल २८ दिवसांचे व दुसरे ३४ दिवसांचे असेल, तर त्यांची सरळ तुलना करणे चूक आहे. युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर काढावा व त्याची तुलना करावी. मीटरवरील आकडा आणि बिलावरील आकडा जुळत नसेल, अथवा रीडिंग न घेता सरासरीने बिल आकारले असेल, तर विलंब न करता लेखी तक्रार द्यावी.

३. एका कुटुंबाचा नमुना हिशेब

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे व आपल्या गावचे चालू दर घालून हाच हिशेब करावा.

वीज : ९० युनिट, सर्व आकार मिळून ८०० रुपये (पैकी स्थिर आकार १३० रुपये धरला).
पेट्रोल : रोज २० किलोमीटर, म्हणजे महिन्यास ६०० किलोमीटर. लिटरला ५० प्रमाणे १२ लिटर. दर १०५ रुपये धरल्यास १,२६० रुपये.
गॅस : १४.२ किलोची टाकी ४० दिवस पुरते. किंमत ९०० रुपये धरल्यास महिन्यास ६७५ रुपये.
एकूण : महिन्यास २,७३५ रुपये, वर्षास ३२,८२० रुपये.

ज्या विजेवरून घरात रोज बोलणी होतात तिच्यापेक्षा मोटारसायकल दीडपटीहून अधिक पैसे खाते, हे या मांडणीवरून दिसून येईल. एलईडी दिवा रोज तीन तास विनाकारण जळत राहिला, तर महिन्यास पाऊण युनिटाहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे सहा रुपयांची वीज वाया जाते. तीच मोटारसायकल एका किरकोळ वस्तूसाठी तालुक्याला नेली आणि जाऊन-येऊन १६ किलोमीटर झाले, तर तेहतीस रुपयांहून अधिक पेट्रोल एका खेपेत जळते. दिवा विझवावा हे योग्यच. पण तेवढ्यावर काटकसर झाली असे मानू नये. आठवड्यातील दोन खेपा इतर कामांना जोडून घेतल्या, तर महिन्यास १२८ किलोमीटर, म्हणजे सुमारे अडीच लिटर पेट्रोल वाचते. वर्षाकाठी हीच रक्कम तीन हजार रुपयांच्या पुढे जाते. हंगामाच्या तोंडी उसनवारी करावी लागणाऱ्या कुटुंबास ही रक्कम लहान नाही.

४. उत्पादक व घरगुती खर्च वेगळा करावा

दूध संकलन केंद्रावर किंवा भाजी बाजारात नेण्यासाठी झालेली खेप हा धंद्याचा खर्च आहे. तो त्या मालाच्या हिशेबात धरावा. अन्यथा भाजीला मिळालेला भाव नफ्याचा भासतो आणि वाहतुकीचा तोटा घरखर्चात लपून राहतो. वहीत प्रत्येक खेपेपुढे ‘घर’ किंवा ‘शेत’ असा एक शब्द लिहिला तरी पुरे.

पंपाचेही तसेच. पाच अश्वशक्तीचा विजेचा पंप तासाला सुमारे साडेचार युनिट घेतो. तेवढ्याच शक्तीच्या डिझेल इंजिनास तासाला एक ते सव्वा लिटर डिझेल लागते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल शासनाने आपल्याकडे घेतले. योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत ठरविण्यात आली. अशा शेतकऱ्याने डिझेल इंजिन चालविल्यास त्या तासाचा सर्व भार त्याच्या खिशावर पडतो, हे ध्यानात ठेवून वीज असण्याच्या वेळेशी पाण्याच्या पाळ्या जुळवाव्यात.

५. एक बिल घटते, दुसरे वाढते

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी फार तर पाव भागाच्या आसपास चाकापर्यंत पोहोचते. उरलेली धूर व उष्णता होऊन जाते. विजेच्या मोटारीत बहुतांश शक्ती कामी येते. म्हणून विजेवरील स्कूटर शंभर किलोमीटरला साधारणतः तीन ते साडेतीन युनिटांत चालते. वरील कुटुंबाने अशी स्कूटर घेतल्यास १,२६० रुपयांचे पेट्रोल वाचेल व वीज सुमारे २१ युनिटांनी वाढेल. वापर ९० वरून १११ वर जाईल, आणि शेवटचे ११ युनिट दुसऱ्या टप्प्यात पडतील. त्या टप्प्याचा दर सर्व आकारांसह १४ रुपये धरला, तरी वाढ २३० रुपयांच्या आतच राहील. म्हणजे महिन्यास सुमारे एक हजार रुपयांची बचत होईल.

परंतु स्कूटर कर्जाने घेतली आणि हप्ता एक हजाराहून अधिक असला, तर हप्ते फिटेपर्यंत हाती बचत येत नाही. बॅटरीची हमी किती वर्षांची, दुरुस्ती जवळ होते काय, गावात वीज किती तास असते, हेही आधी विचारावे. नुसते वीजबिल वाढले म्हणून घाबरू नये आणि नुसते पेट्रोल वाचले म्हणून हुरळूनही जाऊ नये. निर्णय बेरजेवरून करावा.

६. काटकसरीचे मार्ग

मोठ्या खर्चापासून सुरुवात करावी. चाकांतील हवा योग्य ठेवणे, हवेची जाळी साफ करणे, साखळीस वंगण देणे व खेपा एकत्र करणे यांस जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत. घरात हीटरऐवजी अंगणात बंब पेटवून तुराट्या-पऱ्हाट्यांवर पाणी तापविल्यास बिल वरच्या टप्प्यात जाणे टळते. पंखा बदलण्याची वेळ आलीच, तर कमी वॅटचा पाहून घ्यावा. चालू स्थितीतील पंखा केवळ बचतीच्या आशेने टाकून देणे मात्र हिशेबास धरून होईलच असे नाही.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावातील चार-पाच कुटुंबांना तीन महिने ही वही ठेवण्यास सांगावे. पाने पाच रकान्यांची असावीत : तारीख, बाब, युनिट किंवा लिटर, रुपये, आणि घर की शेत. घरच्या बायकांना या कामात अवश्य सहभागी करावे. गॅसची टाकी किती दिवस पुरली हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. तीन महिन्यांनंतर बैठकीत पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी : सर्वांत मोठा खर्च कोणता निघाला? तो आधी वाटला होता तोच होता काय? कोणत्या खेपा जोडता आल्या असत्या? कुटुंबाचे आकडे त्यांच्या संमतीवाचून इतरांसमोर वाचू नयेत. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांची वही शाळेत जाणाऱ्या मुलांकडून लिहवून घ्यावी, म्हणजे घरचा हिशेब राहील आणि मुलांचे गणितही पक्के होईल.