प्रश्नपरीक्षा आणि रुग्णाचा जीवनवृत्तांत

रोगविज्ञानाचे सहा उपाय सांगताना सुश्रुतांनी पाच ज्ञानेंद्रियांच्या जोडीस प्रश्न हा स्वतंत्र उपाय मानला. आमच्या केसपेपरवर मात्र या परीक्षेच्या वाट्यास बहुधा दोनच ओळी येतात : तक्रार काय आणि किती दिवसांची. हेतू निसटतो तो तेथेच.

अतिसाराचे उदाहरण घेऊ. पन्नाशी ओलांडलेली एक स्त्री औषधालयातून वारंवार कुटजघन वटी नेते. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. मलपरीक्षणात दोष आढळत नाही. ‘कधीपासून?’ एवढ्यावर न थांबता ‘त्या सुमारास घरात काय चालले होते?’ असे विचारल्यास वृत्तांत उलगडू लागतो. पती निवर्तले, मुलगा परगावी. एकटीसाठी स्वयंपाक करावासा वाटत नाही, सकाळचेच रात्री, तेही अवेळी. शोक व विषमाशन असे दोन्ही हेतू येथे हाती लागतात. चरकांनी भयज व शोकज अतिसार वेगळे वर्णून त्यांत वातहर क्रियेसह हर्षण व आश्वासन सांगितले आहे. हेतू ठाऊक नसेल तर केवळ स्तंभनावर वर्ष निघून जाते! अशा स्त्रीला पथ्याचा छापील कागद देऊन काय साधणार? ठरलेल्या वेळी, ताजे आणि शक्यतो कोणाच्या सोबतीने जेवण कसे जमेल, हे तिच्याशी बोलूनच ठरवावे लागते.

सात्म्याचेही असेच आहे. कोकणात भातावर वाढलेली मुलगी विवाहानंतर देशावर भाकरीवर आली, अथवा कामगार रात्रपाळीस लागला, तर तो बदल कोणत्या वर्षी झाला याची नोंद हवी. सारे एकाच भेटीत विचारू नये. तीन-चार भेटींत ते आपोआप भरत जाते.

शोकाची कथा कळली म्हणून अन्य शक्यता संपत नाहीत. वजन घटणे, मलातून रक्त जाणे, ज्वर, झोपेतून उठविणारा मलवेग यांपैकी काहीही असल्यास पुढील तपासण्या लांबवू नयेत.

औषधालयचालकांनी गल्ल्यावर चार माणसे उभी असता असे प्रश्न काढू नयेत. तेच औषध तिसऱ्यांदा मागितले गेल्यास हलक्या आवाजात वैद्यांकडे जाण्यास सुचवावे. नोंद करताना रुग्णाचेच शब्द लिहावेत. ‘घर खायला उठते’ असे ती म्हणाली असेल तर कागदावर तेच राहू द्यावे, आणि तो कागद इतरांच्या हाती पडू देऊ नये.