पाणी वाढायला लागलं की

सूनबाई, पाऊस लागून राहिला की सांगलीत जो तो एकच विचारतो, ‘आयर्विनला किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्याही वर. हे आकडे पोरंही ऐकत असतात. आपण स्वयंपाकघरात कुजबुजतो तेव्हा तर जास्तच कान देऊन. म्हणून आधी ती कुजबूज बंद कर.

‘आपल्या घरात पाणी येईल का?’ असं पोरानं विचारलं तर ‘छे, काही होत नाही’ म्हणू नकोस. सखल भागातल्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं बोचकी घेऊन निघालेली त्याला दिसतात. एकदा खोटं पकडलं की तुझं खरंही त्याला पटणार नाही. ‘माहीत नाही रे’ म्हण आणि पुढे जे माहीत आहे ते जोड. ‘कोयना धरणातून सोडलेलं पाणी इथवर यायला वेळ लागतो. गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं की आपण मिरजेला मावशीकडे जायचं. तुझं दप्तर माळ्यावर ठेवलंय.’ पातळी त्यालाच लिहू दे, कॅलेंडरच्या मागे, सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा. मधे विचारलं की सांग, ‘संध्याकाळी बघू.’ काळजीलाही वेळ ठरवून दिली की ती दिवसभर मानेवर बसत नाही. मोठ्यांनीही हे करावं, पण ते ऐकतात कुठं!

आता श्वासाचं. घाबरलेल्या पोराला ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की ते छाती फुगवून धरून ठेवतं आणि जास्तच कासावीस होतं. शांत करतो तो सोडलेला श्वास; तो लांबला की काळजाचे ठोके मंदावतात. म्हणून भ्रामरी करून घे. भुंग्यासारखं गुणगुणायचं, कोणाचा भुंगा जास्त वेळ टिकतो बघू म्हणायचं. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, शिकवावं लागत नाही. थोडी मोठी, आठ-दहा वर्षांची असतील तर आनापान जमतं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातर्फे मुलांना तेच शिकवतात : श्वास ओढायचा नाही, कोंडायचा नाही, नाकाशी येताजाताना नुसता बघायचा. मन पळालं तर पळालं, परत आणायचं. धाकटीला एवढं सांगू नकोस. तिच्या पोटावर तिची बाहुली ठेव आणि ती वरखाली होताना बघायला सांग.

मात्र हे सगळं पाणी चढायच्या आधी, साध्या दिवसांत अंगवळणी पडलेलं असावं. आणि दंगा केला म्हणून ‘डोळे मिटून बस’ ही शिक्षा कधी द्यायची नाही. मग शांत बसणं त्याला कोपऱ्यात उभं राहण्यासारखंच वाटतं. आधी जिन्यावरून चार वेळा पळू दे, मग बसव. बसणं नकोच असेल तर भुईमुगाच्या शेंगा फोडायला दे. दाणा अख्खा निघाला पाहिजे म्हण, लक्ष आपसूक बोटांत येतं.

फोनवरचे पुराचे व्हिडिओ त्यांच्यासमोर लावू नका. लहान पोराला तेच दृश्य पुन्हा दिसलं की तेच पुन्हा घडतंय असं वाटतं. दिवेलागणीला शुभंकरोती मात्र चुकवू नको, शाळेतल्या छावणीत असलात तरी. देवासाठी म्हणत नाही मी. कालची एक तरी गोष्ट आज तशीच झाली, एवढं त्यांना पुरतं.

पाणी ओसरल्यावर मोठी माणसं चिखल काढण्यात गुंततात, आणि पोरांची भीती कित्येकदा तेव्हाच वर येते. गादी ओली होते, पदर सुटत नाही. चारचौघांत त्यावर बोलायचं नाही, चादर बदलायची. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, पावसाच्या आवाजानं अंग थरथरत असेल, तर डॉक्टरांना दाखव. त्यासाठी मला विचारत बसू नकोस.