यंत्र विचार करते का?

तुम्ही ज्याला शतरंज म्हणता, त्या खेळाला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क शहरात या खेळाचा एक आगळा सामना झाला. एका बाजूला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह होता. दुसऱ्या बाजूला 'डीप ब्लू' नावाचा संगणक होता. सहा डाव झाले. संगणकाने ३.५ गुण मिळवले, कास्पारोव्हने २.५. जगज्जेता हरला!

मग संगणक माणसापेक्षा हुशार झाला का? तो कसा खेळत होता ते पाहा. एका सेकंदात तो पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. इतकी मोजणी माणसाला जमणार नाही. पण जिंकल्यावर संगणकाला आनंद झाला नाही.

'यंत्र विचार करू शकेल का?' हा प्रश्न इंग्लंडचे गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली एका लेखात मांडला. त्यांनी एक कसोटी सुचवली. वेगळ्या खोलीत एक माणूस व एक यंत्र असावे. आपण दोघांना लिहून प्रश्न विचारावेत. उत्तरे वाचून माणूस कोण व यंत्र कोण हे ओळखता आले नाही, तर यंत्र विचार करते असे का म्हणू नये?

१९६६ साली अमेरिकेतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संगणकाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो माणसाचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी. त्याला अर्थ कळत नव्हता. तरी लोक त्याला मनातले सांगू लागले! हे पाहून वायझेनबाउम चिंतेत पडले.

आजचे संगणक याहून पुष्कळ पुढे गेले आहेत. अफाट मजकुरावरून ते कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येईल हे शिकतात. ते निबंध लिहितात, गणिते सोडवतात. याला विचार म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

पण लक्षात ठेवा, असा संगणक कधी कधी चुकीचे उत्तरही ठामपणे देतो. त्या चुकीचे परिणाम माणसाला भोगावे लागतात. म्हणून उत्तर पारखून घेण्याचे काम आपलेच आहे. यंत्राकडून निबंध लिहून घेतला, तर वही भरेल. पण विचार करण्याचा सराव तुम्हाला होणार नाही. यंत्र विचार करो वा न करो, तुम्ही विचार करणे सोडू नका.

स्वाध्याय
१. ट्युरिंग यांनी कोणती कसोटी सुचवली?
२. वायझेनबाउम चिंतेत का पडले असतील? तुमचे मत चार वाक्यांत लिहा.