जीवनाचा आरंभ : पाहण्याची आज्ञा आणि ज्ञानाची मर्यादा



पवित्र कुरआनच्या सूरह अन्कबूतमधील 20वी आयत 'सांगा' या आदेशाने सुरू होते. तिचा आशय असा आहे की, लोकांनी भूमीवर फिरावे आणि अल्लाहने निर्मितीचा आरंभ कसा केला ते पाहावे. ज्याने पहिल्यांदा निर्माण केले तोच पुन्हा उठविणार आहे. या आयतीत लोकांना दोन आज्ञा आहेत : फिरणे आणि पाहणे. निर्मिती कोणी केली हे तर आयत सांगतेच. पण पाहावयास सांगते ते 'कैफ', म्हणजे निर्मिती कोणत्या रीतीने सुरू झाली. पृथ्वीवर पहिला सजीव कसा आला असेल, हा प्रश्न श्रद्धेच्या कुंपणाबाहेरचा आहे असे मानणाऱ्यांनी या एका शब्दावर थोडे थांबावे.

हा विषय आज घ्यावा लागतो त्याला कारण आहे. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जीवनाचा उगम व उत्क्रांती यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या जिल्ह्यातील विज्ञान शाखेची मुले-मुली ते वाचतात, नीटच्या परीक्षेसाठी पाठ करतात आणि मग घरी किंवा मशिदीत प्रश्न विचारतात. बहुधा त्यांना दोन उत्तरे मिळतात. एक, हे वाचूच नये. दुसरे, परीक्षेत लिहावे पण मनात मानू नये. पहिल्या उत्तराने मूल शिक्षणापासून दुरावते. दुसरे उत्तर अधिक घातक आहे. कारण कागदावर एक आणि अंतःकरणात दुसरे ठेवण्याची सवय त्याला आपणच लावतो. ज्या दीनमध्ये दुटप्पीपणाला इतके वाईट मानले आहे, त्या दीनच्या नावाने ही शिकवण दिली जावी, हे दुर्दैव होय.

या लेखाची मर्यादा आरंभीच स्पष्ट करतो. हजरत आदम (अलै.) यांची निर्मिती हा स्वतंत्र विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. येथे विचार आहे तो पृथ्वीवरील पहिल्या सूक्ष्म सजीवाचा.

पहिला पाठ : आरंभाविषयी विचारणे हा अपराध नाही

सहीह बुखारीत हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांचे एक कथन आहे. यमनचे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि या सृष्टीचा आरंभ कसा झाला असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (स.) त्यांना रागावले नाही, गप्प बसविले नाही. अल्लाहच होता, त्याच्याखेरीज काहीही नव्हते, त्याचे सिंहासन पाण्यावर होते, अशा आशयाचे विवेचन ते करू लागले. इतक्यात इम्रान यांची सांडणी सुटून गेल्याची खबर कोणीतरी आणली आणि ते तिच्या शोधात उठून गेले. पुढे ते हळहळत म्हणत, की सांडणी गेली असती तरी चालले असते, मी ती बैठक सोडावयास नको होती.

एका सहाबीला आरंभाविषयीचे बोलणे अर्धवट राहिल्याची आयुष्यभर रुखरुख वाटली. हाच प्रश्न आपल्या मुलाने विचारला तर आपण त्याला उठवून का लावावे?

दुसरा पाठ : साक्षीदार नसेल तेथे खूण बोलते

सूरह कहफच्या 51व्या आयतीत अल्लाह इब्लीस व त्याच्या संततीविषयी सांगतो, की आकाश व पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी, किंवा त्यांच्या स्वतःच्या निर्मितीच्या वेळीही, त्यांना साक्षीला बोलाविलेले नव्हते. माणूसही त्या वेळी हजर नव्हता. मग जे कोणीच पाहिले नाही, ते जाणावे कसे?

याचे उत्तर सूरह यूसुफमध्ये सापडते. हजरत यूसुफ (अलै.) यांच्यावर आळ आला तेव्हा बंद दाराआड काय घडले हे पाहणारा कोणी नव्हता. निवाडा झाला तो सदऱ्यावरून. सदरा मागून फाटला होता, म्हणून यूसुफ (अलै.) खरे ठरले. फिक्हच्या परिभाषेत अशा खुणेला 'करीना' म्हणतात. साक्षीदार नसताना करीना बोलतो आणि सावध न्यायाधीश त्याचे ऐकतो.

पृथ्वीच्या आरंभाचे करीने दगडांत आहेत, आणि ते पाहण्यासाठी यवतमाळकरांना फार दूर जावे लागत नाही. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस या बाजूला आपल्या पायाखाली काळा दगड आहे. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे, आणि कपाशीची काळी माती त्याच दगडाची झीज होऊन बनली. पूर्वेला वणीकडे गेलो की कोळशाच्या खाणी लागतात. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा तो अवशेष आहे. याच वणी आणि झरी-जामणी भागात चुनखडक आहे. राजूरच्या चुनाभट्ट्यांत तोच भाजला गेला आणि मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यालाही तोच लागतो. भूशास्त्रज्ञ त्याला पैनगंगा गटाचा खडक म्हणतात. त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. तो एका प्राचीन समुद्राच्या तळाशी थराथराने साचला. त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता, काठावर झाड नव्हते; जीवन होते ते बहुतांशी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे.

म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन पाने उघडी आहेत : चुन्याचे, कोळशाचे आणि काळ्या दगडाचे. तरीही यांतले सर्वांत जुने पान आरंभाचे नाही. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे मानले जाते आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील खडकांत जवळपास 350 कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या आहेत. वणीचा चुनखडक साचत होता तेव्हाही पृथ्वीवरील जीवन दोनशे कोटी वर्षांहून जुने झाले होते.

तिसरा पाठ : चुकत, सुधारत चाललेला शोध

बाराव्या शतकातील अंदलुसचे विद्वान इब्न तुफैल यांनी 'हय्य बिन यक्जान' ही कथा लिहिली. कथेचा नायक हिंदच्या बेटांपैकी एका निर्जन बेटावर वाढतो. त्याचा जन्म कसा झाला याची दोन वृत्तांते लेखक देतो. एकात तान्हे मूल पेटीत घालून समुद्रात सोडलेले आहे. दुसऱ्यात ते आईबापांविना, उबदार हवेत आंबत गेलेल्या चिखलातून जन्मते. ही कल्पना आहे, पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एका मुस्लिम विद्वानाला ती मांडताना ईमान धोक्यात आल्यासारखे वाटले नाही. माती, ऊब आणि ओल ही त्याच्या लेखी साधने होती; जीव देणारा अल्लाहच होता.

चिखलातून किंवा सडलेल्या पदार्थातून जीव आपोआप निपजतात, ही समजूत त्या काळी पूर्व-पश्चिम सर्वत्र होती. इटलीचे रेदी यांनी 1668 मध्ये मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून दाखविले, की माशीला अंडी घालता आली नाहीत तर मांसात अळ्या होत नाहीत. फ्रान्सचे पाश्चर यांनी 1860च्या सुमारास लांब, वाकड्या मानेच्या काचपात्रांत उकळलेला रस ठेवला आणि बाहेरचा जंतू आत न गेल्यास तो रस नासत नाही हे सिद्ध केले. आजच्या जगात जीव जीवापासूनच येतो, हे ठरले. मग पहिला जीव कोठून आला, हा प्रश्न अधिकच अवघड झाला.

रशियाचे ओपारिन यांनी 1924 मध्ये आणि इंग्लंडचे हाल्डेन यांनी 1929 मध्ये स्वतंत्रपणे असे मांडले, की प्राणवायू नसलेल्या त्या प्राचीन पृथ्वीवर साध्या वायूंपासून जीवनास लागणारी द्रव्ये पाण्यात साचत गेली असावीत. हाल्डेन पुढे 1957 मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वर येथे वारले. 1953 मध्ये अमेरिकेच्या स्टॅन्ली मिलर यांनी या तर्काची परीक्षा घेतली. बंद काचपात्रात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेऊन त्यांत विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाण्यात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाले.

परंतु विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे. सजीव पेशीला स्वतःभोवती आवरण लागते, बाहेरून ऊर्जा घेण्याची व्यवस्था लागते आणि स्वतःची प्रत काढता येईल अशी लिखित माहिती लागते. ही तिन्ही एकत्र कशी आली, यावर आजही अनेक मते आहेत. कोणी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे बोट दाखवितो, कोणी जमिनीवरच्या भरत्या-आटत्या डबक्यांकडे. आरंभी आरएनए हाच रेणू माहिती साठविणे आणि रासायनिक क्रिया घडविणे ही दोन्ही कामे करीत असावा, असेही एक मत आहे. निर्णय झालेला नाही.

चौथा पाठ : पुराव्यापुढे न जाणे

या शोधात एक मराठी नाव आदराने घ्यावे लागते. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (1938-2025) यांना एका वेगळ्या शक्यतेत रस होता. जीवनाची बीजे अंतराळातून, कदाचित धूमकेतूंच्या द्वारे, पृथ्वीवर आली असतील काय? फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी हे मत आग्रहाने मांडले होते. नारळीकरांनी ते तपासण्याचे ठरविले. इस्रोच्या साहाय्याने 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले आणि सुमारे 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने निर्जंतुक पात्रांत आणले गेले. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी 2005च्या नमुन्यांत जिवाणू व बुरशी शोधल्या. त्यांत तीन जिवाणू विज्ञानाला नवे होते. एकाला हॉईल यांचे, एकाला इस्रोचे आणि एकाला आर्यभटाचे नाव देण्यात आले.

एवढे हाती आल्यावर जीवन आकाशातून आले असा डंका पिटणे सोपे होते. 2009 मध्ये इस्रोने निष्कर्ष जाहीर केले तेव्हा मात्र स्पष्ट सांगितले, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यावरून ठामपणे सिद्ध होत नाही. शोध पुढे चालू ठेवण्यास यातून उत्तेजन मिळते, इतकेच. आणि ते सिद्ध झाले असते तरी त्या दूरच्या ठिकाणी जीवन कसे सुरू झाले, हा प्रश्न उरलाच असता.

ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांची विचारणा होणार आहे, अशा अर्थाची शिकवण सूरह बनी इस्राईलच्या 36व्या आयतीत आहे. पुराव्याच्या पुढे पाऊल न टाकण्याची ही शिस्त प्रयोगशाळेत पाळली जाते. व्यासपीठावरून बोलताना आणि मोबाईलवरचे संदेश पुढे पाठविताना ती आपणही पाळावयास हवी.

पाचवा पाठ : दोन निसरड्या वाटा

पहिली निसरडी वाट अशी. आपल्यातील काही जण म्हणतात, शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत जीव निर्माण करता आलेला नाही, म्हणून अल्लाह आहे. हेतू चांगला, पण पाया कच्चा. उद्या कोणी काचपात्रात साधी पेशी घडवून दाखविली, तर या युक्तिवादावर वाढलेल्या तरुणाने काय करावे? अल्लाहचे अस्तित्व माणसाच्या अपयशावर टेकविलेले नाही.

दुसरी वाट याच्या उलट. सूरह अंबियाच्या 30व्या आयतीत प्रत्येक सजीव वस्तू पाण्यापासून केल्याचा उल्लेख आहे. तो वाचून काही जण म्हणतात, समुद्रात जीवन सुरू झाल्याचा सिद्धांत कुरआनने आधीच सांगितला. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी येथील 'पाणी' म्हणजे आपण पितो ते पाणी असे मानले, तर काहींनी वीर्य असा अर्थ घेतला. विज्ञानातील मते बदलतात. आज एका मताला आयत जोडली आणि उद्या ते मत मागे पडले, तर आयतीविषयी नाहक शंका निर्माण होईल. आयत आपल्याला कृतज्ञ व्हावयास सांगते. रसायनशास्त्राचा धडा देणे हे तिचे प्रयोजन नव्हे.

मग मधली वाट कोणती? ती कुरआननेच घालून दिली आहे. सूरह मुअ्मिनूनमध्ये मातेच्या उदरातील गर्भाच्या अवस्था एकामागून एक सांगितल्या आहेत. प्रत्येक अवस्थेचा कर्ता अल्लाहच आहे. डॉक्टर सोनोग्राफीत बाळाचे हृदय धडधडताना दाखवितात तेव्हा कोणत्याही आईचे ईमान डळमळत नाही. उलट तिच्या तोंडून 'सुब्हानल्लाह' निघते. सूरह वाकिआ शेतकऱ्याला विचारते, की जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? आपला कास्तकार सरकी किती खोल टोबावी, ओल किती हवी, कोंब किती दिवसांनी निघेल हे सारे जाणतो. या जाणण्याने त्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. अल्लाह साधनांच्या द्वारे निर्माण करतो. त्या साधनांच्या नेमाला आपण सुन्नतुल्लाह म्हणतो. विज्ञान या नेमाचा शोध घेते. ज्याने नेम घातला त्याची ओळख वह्यने होते.

म्हणून पहिला सजीव एका क्षणात आला असो वा लक्षावधी वर्षांच्या टप्प्यांनी, समुद्रतळाशी आला असो वा डबक्याच्या काठी, श्रद्धावंताला यांपैकी कोणत्याही उत्तराचे भय नाही.

पालक आणि शिक्षकांसाठी

मुलाने हा प्रश्न विचारला तर त्याला बसवून घ्यावे. पुस्तकातील प्रकरण त्याच्यासोबत वाचावे. त्यात काय सिद्ध आहे, काय तर्क आहे आणि काय अजून अज्ञात आहे, हे त्यालाच वेगळे करावयास सांगावे. ज्याचे उत्तर येत नाही तेथे 'अल्लाहु आलम' म्हणावे, परंतु प्रश्न बंद करण्यासाठी नव्हे. हे शब्द आपल्या विद्वानांनी नम्रतेसाठी वापरले आहेत. परीक्षेत त्याने जे शिकले ते प्रामाणिकपणे लिहावे आणि नमाजलाही त्याच प्रामाणिक मनाने उभे राहावे. जमल्यास सुट्टीत त्याला वणीकडे न्यावे, चुनखडकाचा तुकडा हातात द्यावा आणि सूरह अन्कबूतची 20वी आयत अर्थासह ऐकवावी. आयतीचा शेवट विसरू नये : ज्याने पहिल्यांदा निर्माण केले, तो दुसऱ्यांदाही उठविणार आहे. आरंभाचा अभ्यास आपल्याला अखेरच्या हिशेबाची आठवण देण्यासाठी आहे.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त ज्ञान, सत्य बोलणारी जीभ आणि नम्र अंतःकरण प्रदान करो. आमीन.