स्नूकरच्या क्यूची पारख

स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूर येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मास आला. त्यातील क्यू म्हणजे एका टोकाकडे निमुळती होत गेलेली, सुमारे १४५ सेंटिमीटर लांबीची आणि बहुधा ४८० ते ५४० ग्रॅम वजनाची लाकडी काठी होय. शाळेच्या अथवा क्लबाच्या तुटपुंज्या निधीतून ती घ्यावयाची असता पैसा कशावर खर्चावा, हे लाकडाच्या गुणधर्मांवरून पुष्कळसे ठरविता येते.

प्रथम पुढील दांडा पाहावा. तो बहुधा अ‍ॅश किंवा मेपल या वृक्षांच्या लाकडाचा असतो. अ‍ॅशच्या लाकडात वसंत ऋतूत तयार होणाऱ्या नलिका मोठ्या असल्यामुळे वार्षिक वलये ठळक उमटतात. दांडा निमुळता तासला की ही वलये तिरपी छेदली जाऊन बाणाग्रासारख्या आकृती दिसू लागतात. मेपलच्या नलिका बारीक व विखुरलेल्या असल्याने त्याचा पृष्ठभाग जवळजवळ एकरंगी भासतो. विक्रेते बाणांची संख्या कौतुकाने दाखवितात. फटक्याला तिचा काही उपयोग नाही. पाहावयाचे ते हे की, बाजूच्या रेषा दांड्याला समांतर जातात की मध्येच कडेला बाहेर पडतात. हवेतील ओलावा वाढला वा घटला की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने पुष्कळ आणि लांबीच्या दिशेने अत्यल्प फुगते वा आकसते. म्हणून तिरप्या तंतूंचा दांडा पावसाळ्यात बाक धरण्याचा संभव अधिक.

बाक ओळखण्यासाठी क्यू टेबलावर लोळविण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु तिचा अर्थ नीट लावावा लागतो. पुष्कळ क्यूंचे मागील टोक एका बाजूने चपटे तासलेले असते, तेव्हा तेवढा भाग टेबलाच्या कडेबाहेर ठेवावा. क्यू सावकाश फिरविताना दांड्याखालची प्रकाशाची फट कमी-अधिक होत राहिली, तर दांडा वाकडा आहे. फट सतत सारखीच राहिली, तर दांडा सरळ असून केवळ त्याचा निमुळतेपणा एकसारखा उतरलेला नाही. असा सरळ क्यू उगाच नाकारला जातो. शेवटी एक डोळा मिटून, मुठीकडून टोकाकडे नजर टाकून खात्री करावी.

मुठीवरील काळ्या लाकडाच्या पाचरांचे सर्वांस आकर्षण असते. हाताने बसविलेल्या पाचरांची अग्रे गोलसर, यंत्राने बसविलेल्यांची टोकदार असतात. यंत्राचा सांधाही मजबूत असतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या काळ्या भागात लाकडाच्या शिरा मुळीच दिसत नसतील, तर ती पाचर नसून वरून चिकटविलेले चित्र असण्याची शक्यता धरावी.

दोन तुकड्यांचा क्यू आट्यांनी घट्ट जोडल्यावर सांध्यात नखाला खाच लागू नये. मुठीचे टोक तळहातावर हलकेच आपटावे. भणभण ऐकू आल्यास सांधा, पितळी शेंबी किंवा आतील वजन यांपैकी काहीतरी सैल आहे.

चामड्याची टिप वाईट असली तरी क्यू नाकारू नये, कारण ती थोड्या पैशांत बदलता येते. वाकलेला दांडा तसा बदलता येत नाही. आणि घेतलेला क्यू भिंतीला तिरपा टेकवून ठेवू नये. सपाट आडवा किंवा सरळ उभा, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावा.