दगड वाढतो का?

झाड वाढते. वासरू वाढते. पण दगड वाढतो का? होय, वाढतो. कसा, ते पाहू.

आपल्या अक्राणी तालुक्यात तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. तिथला कातळ काळा. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला नि थिजला. त्याचाच हा कातळ. तो पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणून वाढणारा दगड पाहायचा तर चुनखडीच्या गुहेत जायला हवे.

अशी एक मोठी गुहा आंध्र प्रदेशात बोर्रा येथे आहे. विशाखापट्टणमहून अरकूकडे जाणारी आगगाडी तिथे थांबते. गुहेत छताला दगडाच्या लोंब्या लोंबतात. खालून दगडाचे खांब वर आलेले दिसतात. यांना लवणस्तंभ म्हणतात.

तिथले लोक एक गोष्ट सांगतात. डोंगरावर चरणारी गाय एका भोकातून खाली पडली. गुराखी शोधत शोधत आत आला. पाहतो तो गाय जिवंत! जवळच लिंगासारखा दगड होता. देवानेच गाय राखली, असे लोकांनी मानले. तिथल्या नदीचे नाव गोस्तनी, म्हणजे गाईचे आचळ.

आता दगड कसा वाढतो ते ऐका. आपण श्वास सोडतो त्यात एक वायू असतो. तोच वायू हवेत आणि मातीतही असतो. पावसाचे पाणी तो शोषून घेते आणि किंचित आंबट होते. हे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपते नि तिला विरघळवत जाते. अशी पोकळी होत होत गुहा बनते. पुढे छताला थेंब लटकतो. त्यातला वायू उडून जातो आणि चुनखडीचा कण मागे राहतो. पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना? तसेच हे.

ही वाढ फार सावकाश. साधारण शंभर वर्षांत एक सेंटिमीटर. कुठे कमी, कुठे जास्त. शिवाजी महाराज १६३० साली जन्मले. तेव्हापासून आजवर जेमतेम चार सेंटिमीटर! वीतभर तुकडा मोडायला क्षण पुरतो. भरून यायला दोन हजार वर्षे लागतात. नुसता हात लावला तरी हाताचे तेल दगडाला लागते, आणि कण नीट बसत नाही.

म्हणून गुहा डोळ्यांनी पाहावी. आणखी एक सांगणे. आता तुम्हांला स्वतःचे नाव लिहिता येते. ते वहीत लिहा, अर्जावर लिहा. गुहेच्या भिंतीवर मात्र लिहू नका; बोर्राला नको, तोरणमाळलाही नको.

सांगा पाहू :
१. पाणी आंबट कशामुळे होते?
२. दहा सेंटिमीटर खांब वाढायला साधारण किती वर्षे लागतील?
३. आपल्या गावातल्या डोंगराची एखादी गोष्ट पाच ओळींत लिहा.